मंजुळाबाईचा हात

आधीच सांगून ठेवतो, माझा कोणाच्या हातावर विश्वास नव्हता. विश्वास होता तो पितळी नळकांड्यातल्या काचेच्या थर्मामीटरवर. गुरांचं थर्मामीटर कुठं लावतात हे खेड्यातल्या माणसाला सांगायला नको, आणि शहरातल्या वाचकाला न सांगितलेलंच बरं.

महाराष्ट्र होऊन तीन-चार वर्षं झाली होती. जिल्हा परिषदा नव्या होत्या आणि आम्ही स्टॉकमन, म्हणजे गुरांच्या डॉक्टरांच्या हाताखालची माणसं, तेही नवेच होतो. मी नांदुऱ्याचा, स्टेशनाजवळ वाढलेला, आगगाड्यांच्या वेळांवर जेवणारा माणूस. मला टाकलं देऊळगाव राजाकडं, खडकपूर्णेच्या काठच्या एका गावात. गुरांचा दवाखाना म्हणजे एक पत्र्याची खोली, चार बाटल्या, जनावर अडकवायचा खोडा आणि मी. लोक मला डागदर म्हणत. बाबांनो, मी डॉक्टर नाही, अशी दुरुस्ती मी आठ दिवस केली. नवव्या दिवशी सोडून दिली. कानाला बरं वाटत होतं, खोटं कशाला बोलू?

राग मात्र एका गोष्टीचा येई. कोणाचंही जनावर माझ्याकडं आलं की ते आधीच तपासलेलं असे. "मंजुळाबाई म्हणते ताप हाये." "मंजुळाबाईनं हात लावून पाह्यला, ताप नाही म्हणे, पोट फुगलं." मग माझ्याकडं कशाला आलात, असं विचारलं तर म्हणत, "औषध तिच्यापाशी नाही ना!" म्हणजे निदान तिचं, आणि मी बाटलीचं बूच काढणारा.

ही मंजुळाबाई मला पहिल्यांदा दिसली ती गुलाबरावांच्या अंगणात. गुलाबराव माळी, वांगी-मिरच्या-कांद्याचा मळा करणारे. त्यांच्या बैलानं चारा सोडला होता. त्यांचा एकुलता एक मुलगा उकंडा, एकोणीस वर्षांचा, मिसरूड फुटलेला, बैलाची वेसण धरून उभा होता. शेजारच्या घराच्या आणि या घराच्या मध्ये कमरेएवढी दगडी भिंत होती. भिंतीपलीकडं एक पन्नाशीची काटक बाई येऊन थांबली आणि म्हणाली, "उकंडा, बाजूले हो."

पोरानं वेसण बापाच्या हातात दिली आणि निमूट दहा हात लांब जाऊन उभा राहिला. मगच ती बाई भिंतीला वळसा घालून आत आली. मला वाटलं, काही जुनं भांडण असेल. मध्ये भिंत दिसली की भांडण धरून चालायचं, ही माझी समज.

तिनं बैलाच्या नाकाला बोट लावलं. धडधाकट बैलाचं नाक कायम ओलं असतं. हे कोरडं पडलं होतं. मग शिंगाच्या बुडाशी हात ठेवला, मग कानामागं, आणि तिथं डोळे मिटून जरा थांबली.

"शेळीएवढा झाला," ती म्हणाली.

"म्हणजे किती?" मी विचारलं. माझ्या आवाजात अख्खी जिल्हा परिषद होती.

"म्हणजे शेळीएवढा. तुमच्या नळीत किती ते तुम्ही पाहा."

पाहिलं. एकशे तीन. आणि निरोगी शेळीच्या अंगात एकशे तीनच्या आसपासच असतं, हे मला ट्रेनिंगमध्ये घोकावं लागलं होतं.

तिचं सगळं मोजमाप असं होतं. सगळ्यांत थंड माणूस. त्याच्यावर म्हैस, मग गाय-बैल, मग शेळी, आणि सगळ्यांच्या वर कोंबडी. ज्या तापात माणसाला आपण घोंगडी पांघरून निजवतो, त्याच तापात गाय मजेत रवंथ करते. आणि कोंबडीच्या अंगात रोज जेवढी ऊब असते तेवढी माणसाच्या अंगात आली तर घरचे रडायला बसतात. मी हे तक्त्यावर शिकलो होतो, ती हातानं शिकली होती. हातच्या कांकणाला आरसा कशाला म्हणतात. पण मी पडलो आरसा घेऊन फिरणारा, त्यामुळं मला ते चांगलंच झोंबलं.

झोंबलं म्हणूनच मी तिच्या घरी जायला लागलो. काहीतरी चूक सापडेल या आशेनं, हे कबूल करतो. घरात ती एकटी. नवरा जाऊन बरीच वर्षं झालेली, मूलबाळ झालं नाही. एक म्हैस, दहा-बारा कोंबड्या आणि परसात विहीर. चैत्रात नदी आटली की ती विहिरीशेजारच्या खड्ड्यात घागरीमागून घागर ओतायची आणि म्हशीला त्यात बसवायची. स्वतःसाठी एवढं पाणी ओढलं नसतं तिनं.

"म्हशीले आपल्यावानी घाम कुठी येते?" ती म्हणे. "काळं कातडं, केस इरळ. ऊन सारं आंगात जाते. चिखल नाही भेटला तं तिनं काय करावं? बोलता तं येत नाही."

एकदा तिनं अंड्यांवर बसलेली खुडूक कोंबडी उचलून मला तिचं पोट दाखवलं. तिथं पिसं नव्हती. लालसर उघडं कातडं, हात लावला तर चटका बसल्यासारखं गरम.

"पिसं ऊब अडवते," ती म्हणाली. "अंड्याले कातडं लागते. म्हणून पोटचे पिसं झडते तिचे." मग एक अंडं उचलून तिनं स्वतःच्या मिटलेल्या पापणीला लावलं, मान हलवली आणि उलटं करून परत ठेवलं.

"हे कोणी शिकवलं तुम्हाला?"

तिनं भिंतीपलीकडं पाहिलं. उकंडा तिकडं लाकडं फोडत होता. "एका लेकरानं," असं म्हणून ती उठून गेली.

ती हकीकत मला पुढं गुलाबरावांनी सांगितली. त्यांच्या बायकोची, कौशल्याबाईची, पहिली चार मुलं महिन्याच्या आत गेली होती. पाचवं झालं तेव्हा गुलाबरावांच्या आईनं, तानुबाईनं, जुना तोडगा काढला. मूल उकिरड्यावर टाकायचं, म्हणजे ते कोणालाच नको आहे असं समजून मरण पुढं निघून जातं. शेजारणीनं ते सापडल्यासारखं उचलून न्यायचं. मग आईनं सूपभर कोंडा घेऊन जायचं आणि पोर विकत आणायचं. कोंड्याच्या मोलाच्या मालावर कोण नजर ठेवणार? उकिरड्याला आमच्याकडं उकंडा म्हणतात, म्हणून पोराचं नाव उकंडा. आमच्या भागात अशा नावाची माणसं पुष्कळ आहेत आणि त्यातली काही चांगली म्हातारी होऊन गेली.

ती शेजारीण मंजुळाबाई. पौषातली पहाट होती. उकिरड्यातून वाफ निघत होती म्हणून खालून ऊब होती, पण वरून वारा झोंबत होता. तिनं उचललं तेव्हा पोर निळं पडलं होतं, रडतही नव्हतं. घरात नेऊन तिनं चोळी सोडली, पोर उघड्या पोटाला लावलं, वरून लुगडं गुंडाळलं आणि चुलीपुढं बसून राहिली. कोंडा घेऊन जायचा मुहूर्त तानुबाईनं काढून ठेवलेला होता, तो निघाला दुपारचा. तेवढे सहा-सात तास ते पोर मंजुळाबाईचं होतं. दुपारी ते रडलं, कौशल्याबाई सूप घेऊन आली आणि पोर गेलं.

इथवर ठीक होतं. पण तानुबाईनं वर आणखी एक अट घातली. उचलणारीनं पोराच्या लग्नाच्या अक्षता पडेपर्यंत पुन्हा त्याला हात लावायचा नाही. नाहीतर टपून बसलेल्या मरणाला सौदा खोटा होता हे कळेल. तानुबाई पुढं वारली, तिचा शब्द मात्र घरात राहिला. पोर चालायला शिकताना पडलं तर मंजुळाबाई भिंतीपलीकडून कौशल्याबाईला हाका मारायची. अख्ख्या गावाच्या जनावरांना हात लावणारी बाई या एकाच्या अंगाला हात लावत नव्हती, आणि तो रोज दहा हातांवर दिसत होता.

मी तडक तिच्याकडं गेलो आणि शिकलेला माणूस जे बोलतो ते सगळं बोललो. अडाणीपणा, अंधश्रद्धा, सगळं. तिनं ऐकून घेतलं.

"तुमचं खरं असंल डागदर. पण तो जगला ना."

मी चहा प्यायलो.

"पहिले दगडावानी थंडा होता," ती आपणहून सांगायला लागली. "मंग हळूहळू ऊब भरली. माणसाएवढा झाला अन् लगेच नेला. मले अजून एक डाव त्याच्या आंगाले हात लावून पाहायचा हाये. बाकी काही नाही मागत मी देवापाशी."

त्यामुळं उकंड्याच्या लग्नाची घाई गावात सगळ्यांत जास्त तिला होती, नवरदेवाहूनही जास्त. गुलाबराव मुली पाहण्यात भलते चोखंदळ. दर स्थळ मोडलं की मंजुळाबाई त्या दिवशी कोंबड्यांवर चिडायची.

मग तो वैशाख आला. गुलाबराव कांदा घेऊन जालन्याला गेले होते. उकंडा देऊळगाव राजाला गेला, परतीची मोटार चुकली, आणि पठ्ठ्या भर दुपारी बोडक्या डोक्यानं चालत निघाला. घरी येऊन ओसरीवर पडला तो थरथरत आणि बरळत. आदल्या वर्षी गावात हिवतापानं पुष्कळ जण पडले होते. कौशल्याबाईला वाटलं, तोच आला. तिनं पोरावर दोन गोधड्या घातल्या, वर घोंगडी घातली.

मी त्या वेळी मंजुळाबाईच्या परसात कोंबड्यांना लस टोचत होतो. ती भिंतीशी गेली आणि तिथंच थबकली.

"डागदर, त्याच्या कपाळाले घाम नाही."

"मग?"

"वैशाखातलं ऊन, दोन गोधड्या, वर घोंगडी, अन् कपाळ कोरडं! आतली ऊब बाहेर निघून नाही राह्यली." मग ती ओरडली, "कौशल्ये, काढ त्या गोधड्या! काखेत हात घालून पाह्य, कोंबडीएवढा असंल तो!"

"हिवताप हाये बाई," कौशल्याबाई रडत म्हणाली. "काढल्या तं जास्त थरथरंल. मले काय समजते कोंबडीएवढा अन् काय!"

मंजुळाबाईचे दोन्ही हात भिंतीवर होते. मी तिच्या शेजारीच उभा होतो. भिंत कमरेएवढी, बाई काटक, ओलांडायला क्षणाचं काम. पण ती ओलांडत नव्हती. ओलांडली तर तानुबाईचा शब्द मोडतो आणि पोर मरतं. नाही ओलांडली तर पोर डोळ्यांपुढं मरतं. मला ते सगळं थोतांड वाटत होतं तरी मीही भिंतीच्या अलीकडंच उभा होतो.

"मरू दे मले," ती म्हणाली आणि लुगडं खोचून भिंतीवर चढली.

गोधड्या भिरकावून तिनं त्याच्या कानामागं हात ठेवला. एकोणीस वर्षं जिच्यासाठी जीव तळमळला ती गोष्ट घडत होती, पण तिला त्याचं भानही नव्हतं. "कोंबडीच्या जवळ गेला," ती म्हणाली. "डागदर, पाय धरा."

मीही भिंत ओलांडली, आणि आम्ही त्याला उचलून भिंतीवरून पलीकडं नेला आणि थेट म्हशीच्या खड्ड्यात. म्हैस त्यात बसलेली होती. मंजुळाबाईनं तिला दोन चापट्या मारल्या, तेव्हा तिनं मोठ्या नाराजीनं अर्धी जागा दिली. पोराला गळ्यापर्यंत चिखलात बसवलं. मी विहिरीचं पाणी ओढत होतो, ती त्याच्या डोक्यावर ओतत होती आणि ओल्या गोणपाटानं वारा घालत होती. थर्मामीटर स्पिरिटनं तीनदा पुसून मी त्याच्या काखेत लावलं. एकशे सहा. ती नळी त्याआधी कुठं कुठं जाऊन आली होती हे उकंड्याला अजून कोणी सांगितलेलं नाही.

कौशल्याबाई काठावर उभी राहून एकच वाक्य म्हणत होती, "तू हात लावला बाई! तू त्याले हात लावला!"

निरोप मिळून देऊळगावचा डॉक्टर सायकलवरून आला तोवर पारा एकशे दोनवर उतरला होता आणि पोर पाणी मागत होतं. चिखल पाहून डॉक्टरांनी नाक मुरडलं, पण केलं ते बरोबर केलं म्हणाले. ताप पुरता जाईपर्यंत हलवू नका, एवढं सांगून गेले.

त्यांची पाठ वळताच कौशल्याबाई मंजुळाबाईपुढं बसली. आता तिचा चेहरा अगदी पडला होता.

"तू त्याले दुसऱ्यांदा उचललं. आता मले पुन्हा इकत घ्या लागते. पण ताप असताना सौदा नको, अर्धवट होईल. उतरला की सांग, मी सूप घेऊन येईन. तोवर तुह्याचकडं राहू दे."

मंजुळाबाईनं नुसती मान हलवली.

दुसऱ्या दिवशी त्याला एकशे एक होता. "म्हशीएवढा," तिनं भिंतीपलीकडं ओरडून सांगितलं. तिनं त्याचे केस धुतले, चिखल काढला, कैरीचं पन्हं पाजलं. तो झोपला तरी तिचा हात त्याच्या कपाळावर होता आणि जागा झाला तरी तिथंच होता.

तिसऱ्या दिवशी सकाळी मी गेलो तर कौशल्याबाई सूप घेऊन भिंतीशी उभी. मंजुळाबाईनं त्याच्या कानामागं हात ठेवला. डोळे मिटले. बराच वेळ मिटलेले राहिले.

"म्हशीएवढाच हाये," ती म्हणाली.

मी नळी लावली. अठ्ठ्याण्णव पॉइंट चार. उजेडात धरून पुन्हा पाहिली, तेवढाच. मंजुळाबाई माझ्याकडं पाहत नव्हती, त्याच्या अंगावर गोधडी ओढत होती.

"डागदर, किती हाये?" कौशल्याबाईनं विचारलं.

माझ्या नोकरीत मी आकडा कधी खोटा सांगितला नव्हता. एकदा सभापतींच्या म्हशीसाठीसुद्धा नाही, आणि त्यांनी डोळे वटारले होते.

"एकशे एक," मी म्हणालो आणि कोणी नळी मागायच्या आत पारा झटकून टाकला.

उकंडा गोधडीखाली डोळे मिटून पडला होता. कपाळावर निरोगी माणसाचा घाम टपटपत होता आणि पापण्या हलत होत्या. म्हणजे तिसराही सामील होता. दुपारी त्या तापकरी पोरानं तीन भाकरी आणि ठेचा खाल्ला, भिंतीकडं पाठ करून. चौथ्या दिवशीही तेच झालं. ती म्हशीएवढा म्हणाली, मी एकशे एक म्हणालो, आणि कौशल्याबाई भरलेलं सूप घेऊन परत गेली.

खरं सांगतो, मला ते दोन दिवस फार आवडले. माझं घर नांदुऱ्याला, बायको-मुलं तिकडं. आजारी पडलो की मी स्वतःच नळी लावून स्वतःच वाचत असे. त्या परसात बसलं की वाटायचं, आपल्यालाही थोडा ताप यावा.

पाचव्या दिवशी मी अजून नळी काढली नव्हती, तोच मंजुळाबाई भिंतीशी गेली आणि म्हणाली, "कौशल्ये, सूप आण. उतरला. माणसाएवढा झाला."

मी तिच्याकडं पाहिलं. तिनं आवाज खाली केला.

"दोन दिस झाले, ती भिंतीपलीकडं येरझारा घालून राह्यली. पाऊल ऐकू येते. मी एकोणीस वरीस तशाच घातल्या डागदर. मले मालूम हाये ते काय असते."

कौशल्याबाईनं कोंडा तिच्या पदरात ओतला. उकंडा उठला, पाया पडायला वाकू लागला, तर मंजुळाबाई दोन पावलं मागं सरली. सौदा झाला होता. "जा," ती म्हणाली, "अन् टोपीबिगर उन्हात फिरू नको." तो गेल्यावर तिनं तो कोंडा म्हशीला घातला नाही. खुडूक कोंबडीच्या टोपलीत अंड्यांखाली अंथरला, आणि मग मात्र ती रडली. मी लसीच्या रिकाम्या बाटल्या मोजत बसलो. त्या तीनच होत्या.

पुढच्या वर्षी माझी बदली खामगावला झाली. त्यानंतरच्या फाल्गुनात लग्नाची पत्रिका आली, तेव्हा मी रजा टाकून गेलो. अंगणात मांडव होता आणि मधली भिंत पंगतीसाठी पाडली होती. अक्षता पडल्या. उकंडराव आणि सूनबाई देवाच्या पाया पडले, आईबापाच्या पाया पडले, आणि मग मांडवाच्या कडेला बसलेल्या मंजुळाबाईसमोर येऊन वाकले.

आशीर्वादाला माणूस डोक्यावर हात ठेवतो. तिचा हात डोक्यावर गेलाच नाही. तो थेट त्याच्या कानामागं गेला. तिनं डोळे मिटले. मागं मंडळी खोळंबली, भटजी पुढच्या विधीची घाई करू लागले. कौशल्याबाई त्यांना म्हणाली, "थांबा जराक महाराज."

वाकल्या वाकल्या उकंडरावांनी विचारलं, "मोठेमाय, ताप हाये का मले?"

"हाये," ती म्हणाली. "थोडासा हाये."

आणि तिनं हात काढला नाही.